पडद्यावरची पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

(श्रीगोंदा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीगोंदा हे स्मृती जपणारे गाव आहे. संत शेख महंमदांची समाधी येथे आहे. त्यांचा 'योगसंग्राम' भागवत संप्रदायाने आपलाच मानला. शिंदे सरकारांच्या जहागिरीच्या खुणा या गावाच्या अंगावर आहेत. याच तालुक्यातील पेडगावच्या किल्ल्याने १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची विटंबना पाहिली आणि ती वेदना या मातीने तीनशे वर्षांनंतरही विसरू दिलेली नाही. ज्या जिल्ह्यात चोंडीसारख्या लहानशा गावी १७२५ मध्ये अहिल्यादेवींचा जन्म झाला, तो जिल्हा आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वास्तू, समाधी, ग्रंथ यांच्या आधाराने स्मृती टिकते. परंतु जिच्या कर्तृत्वाचा असा कोणताही पुरावा हाती उरलेला नाही, तिची स्मृती समाजाने कशी जपावी?

हा प्रश्न एका मराठी स्त्रीच्या निमित्ताने विचारावासा वाटतो. भारतीय चित्रपटाच्या पडद्यावर नायिकेच्या रूपात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणजे कमलाबाई गोखले. १९१३ साली तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात त्या मोहिनी झाल्या. त्याच मूकपटात त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची भूमिका केली. त्या मूकपटाची फीत आज उपलब्ध नाही. ज्या मोहिनीने पुढच्या सगळ्या नायिकांची वाट मोकळी केली, तिचे नृत्य आज कोणालाही पाहता येत नाही. म्हणून तिची कथा सांगत राहणे, एवढेच आपल्या हाती उरते.

स्वदेशीच्या ध्यासातून जन्मलेली कला

ही कथा दादासाहेब फाळके यांच्यापासून सुरू होते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथील वैदिक परंपरेच्या घरात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण अशा अनेक कला त्यांनी हाताळल्या. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक परदेशी चित्रपट पाहिला. ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे प्रभू रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. आपल्या देशाचे पुत्र आपल्या देवतांना पडद्यावर कधी पाहतील, या एका प्रश्नाने त्यांची झोप उडवली.

बंगालच्या फाळणीनंतर उठलेल्या स्वदेशीच्या लाटेचा तो काळ होता. कापड, काडेपेटी, साखर स्वदेशी असावी, असा आग्रह समाज धरत होता. करमणुकीचे हे नवे साधनही स्वदेशी असले पाहिजे, हा विचार कृतीत आणणारा पुरुष मात्र फाळके हाच होता. विम्याच्या पत्रावर कर्ज काढून ते १९१२ च्या प्रारंभी इंग्लंडला गेले, यंत्रसामग्री घेऊन परतले आणि घरालाच त्यांनी कारखाना केले. या यज्ञात सौ. सरस्वतीबाई फाळके यांनी दिलेली आहुती कोणत्याही श्रेयनामावलीत आली नाही. त्यांनी अंगावरचे दागिने गहाणासाठी काढून दिले. रात्री अंधारात बसून कच्च्या फितीला भोके पाडण्याचे आणि चित्रित झालेली फीत रसायनात धुण्याचे काम त्या शिकल्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून त्या पात्रांच्या अंगावर प्रकाश टाकत आणि साठ-सत्तर माणसांच्या स्वयंपाकाचा भारही वाहत. भारतीय चित्रपटाला पडद्यावर स्त्री मिळण्यापूर्वी पडद्यामागे स्त्री मिळाली होती, याची नोंद आपण आवर्जून ठेवली पाहिजे.

तारामती मिळेना

'राजा हरिश्चंद्र' या पहिल्या मूकपटाची जुळवाजुळव सुरू झाली आणि फाळक्यांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. हरिश्चंद्र मिळाला, विश्वामित्र मिळाला. रोहिदासासाठी त्यांनी आपला मुलगा भालचंद्र उभा केला. तारामती मात्र मिळेना. त्यांनी वृत्तपत्रांतून जाहिराती दिल्या. घरंदाज स्त्रिया येणार नाहीत, हे उघडच होते. पण नाचगाण्यावर ज्यांची उपजीविका चाले, त्या स्त्रियांनीही नकार दिला. रंगभूमीला निदान सवय आणि परंपरा होती. हे छायाचित्राचे यंत्र काय करील, आपले रूप कोठे कोठे नेऊन दाखवील, याची भीती त्यांनाही वाटली.

अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ बांध्याचा तरुण फाळक्यांनी हेरला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारतीय पडद्यावरची पहिली तारामती एका पुरुषाने साकार केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. यात प्रेक्षकांना काही खटकले असेल, असे समजण्याचे कारण नाही. मराठी रंगभूमीवर त्या काळी बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचे राज्य होते. पुरुषाने लुगडे नेसून रंगमंचावर यावे आणि घराघरातील स्त्रियांनी त्याच्या नेसण्याचे अनुकरण करावे, असा तो काळ.

त्यामागची मनोवृत्ती मात्र तपासून पाहावी लागते. सीता, सावित्री, तारामती, दमयंती यांची नावे आपण प्रातःस्मरणात घेतो. त्यांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे करण्यासाठी मात्र प्रत्यक्ष स्त्री पुढे आली, तर तिला चारचौघांत उभे करायचे नाही, असा समाजाचा अलिखित निर्बंध होता. भूमिका पूज्य आणि ती करणारी त्याज्य, हा दुजाभाव आपल्याला धर्माने शिकवलेला नव्हता. तो परिस्थितीच्या रेट्याखाली चढलेला गंज होता. तो खरवडण्याचे काम ज्या दोघींनी केले, त्यांच्याकडे आता वळू.

आई आणि मुलगी

दुर्गाबाई कामत यांचे पती आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. हा संसार टिकला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत दुर्गाबाई लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. त्या काळी नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या स्त्रीपुढे कोणते मार्ग होते? कोणाच्या घरी स्वयंपाकीण व्हावे, मोलमजुरी करावी किंवा नातेवाइकांच्या ओसरीवर अपमानाचा घास गिळत दिवस काढावेत. दुर्गाबाईंनी यांपैकी काहीही पत्करले नाही. अंगी असलेल्या कलेवर विसंबून त्या नाटक मंडळीत गेल्या. समाजाने त्यांना दूर लोटले, पण मुलीला वाढवण्याचे आपले कर्तव्य त्यांनी सोडले नाही.

नाटक मंडळीचे जीवन म्हणजे अखंड प्रवास. या तालुक्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. अशाच लोहमार्गांनी महाराष्ट्रातील गावे एकमेकांना जोडली आणि पडदे, पेट्या, पोशाख, तबला-पेटी, आचारी आणि पोराबाळांसह सारी मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावाला हलू लागली. एका गावी मुक्काम, तिथे चार-दोन खेळ, मग पुन्हा गाठोडी बांधायची. अशा बिऱ्हाडात वाढणाऱ्या मुलीला शाळा कोठून लाभणार? कमलाबाईंचा जन्म १९०० च्या सुमारास झाला आणि वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास त्या रंगभूमीवर आल्या. पाठांतर हीच त्यांची बाराखडी आणि तालीम हीच त्यांची शाळा. त्या शाळेत शिक्षिका एकच, त्यांची आई.

१९१३ साली ही माता-कन्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर फाळक्यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला आणि दुसऱ्या मूकपटासाठी भस्मासुराची कथा निवडली.

ही निवड विचार करण्यासारखी आहे. भस्मासुराला शंकराकडून वर मिळतो की, तो ज्याच्या मस्तकावर हात ठेवील, तो भस्म होईल. वर मिळताच तो वर देणाऱ्यावरच उलटतो. तेव्हा विष्णू मोहिनीचे रूप घेतात. मोहिनी नाचते, भस्मासुर तिच्या प्रत्येक हालचालीचे अनुकरण करतो आणि शेवटी तिच्यासारखाच स्वतःच्या मस्तकावर हात ठेवून भस्म होतो. या कथेचा प्राण संवादात नाही, हालचालीत आहे. ज्या पडद्याला वाचा नव्हती, त्याच्यासाठी यापेक्षा योग्य कथा शोधूनही सापडली नसती. पण तिचा सारा भार मोहिनीवर होता. तिच्या नृत्यात खोट दिसली, तर चित्रच कोसळणार. नाटकात प्रेक्षक आणि पात्र यांच्यात अंतर असते आणि दिव्यांचा मंद उजेड बरेच काही झाकून घेतो. भर उन्हात रोखलेले यंत्र असे काही झाकत नाही. फाळक्यांना खरी मोहिनी हवी होती.

दुर्गाबाईंनी मुलीला पुढे केले आणि स्वतःही त्या उभ्या राहिल्या. मोहिनी तेरा वर्षांची होती. ज्या कामाला बाजारातील स्त्रियाही भ्यायल्या, त्या कामाला ही आई आपल्या मुलीचा हात धरून सामोरी गेली. यात धाडस होते. त्याचबरोबर पोटाची निकडही होती, हे लपवण्याचे कारण नाही. गरज आणि धैर्य बहुधा एकाच घरात राहतात. पण गरज असलेल्या अनेकींनी नकार दिला होता, हे लक्षात घेतले की दुर्गाबाईंच्या होकाराचे मोल कळते.

मूकपटाचे काम सोपे असते, असा अनेकांचा समज आहे. बोलायचे नाही, मग त्यात कठीण ते काय? प्रत्यक्षात विजेच्या दिव्यांचे साहाय्य नसल्याने चित्रण सूर्यप्रकाशात होई. तोंडाला जाड रंग फासून, जडजवाहीर अंगावर घालून, डोळ्यांवर येणारे ऊन सोसत नटाला भाव दाखवावे लागत. यंत्र हाताने फिरवायचे, फीत महाग आणि परदेशातून आणलेली, त्यामुळे पुन्हा पुन्हा चित्रण करण्याची सोय नसे. रंगभूमीवर टाळी पडते आणि नटाला आपण कोठे आहोत ते कळते. येथे समोर केवळ एक पेटी आणि तिची मूठ फिरवणारा माणूस. गाण्यावर वाढलेल्या मुलीला तिचा सूर बाजूला ठेवून केवळ नजर आणि हात यांनी बोलायचे होते. ते कमलाबाईंनी केले.

दार उघडले, पण रीघ लागली नाही

यानंतर नायिकांची रांग लागली असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. १९१७ मध्ये फाळक्यांनी 'लंकादहन' काढला, तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच अण्णा साळुंके यांनी केल्या. हा मूकपट विलक्षण चालला. तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, ही आठवण आजही सांगितली जाते. लोक पडद्यावरील रामापुढे हात जोडत होते. पण त्याच्याशेजारची सीता होण्यास घरातून कोणी बाहेर पडत नव्हते. १९१८-१९ मध्ये 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' या मूकपटांत बाळकृष्ण म्हणून फाळक्यांनी आपली लहान कन्या मंदाकिनी हिलाच उभे केले. मुलगा रोहिदास झाला, मुलगी कृष्ण झाली. समाजाने जे दिले नाही, ते त्या कुटुंबाने स्वतःच्या अंगणातून पुरवले.

१९२० मध्ये कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांनी 'सैरंध्री' काढला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी चमकल्या. पण पडद्यासाठी त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे घ्यावी लागली. पुढे मूकपटांच्या भरभराटीच्या काळात मुंबई-कोलकात्याच्या पडद्यावर ज्या नायिका गाजल्या, त्यांतील अनेकजणी अँग्लो-इंडियन आणि ज्यू कुटुंबांतून आलेल्या होत्या. रूबी मायर्स 'सुलोचना' झाल्या, रेने स्मिथ 'सीतादेवी' झाल्या. त्यांनी त्या भूमिका मेहनतीने केल्या, त्याबद्दल त्यांच्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. प्रश्न आपल्याला आहे. सुलोचना आणि सीता ही नावे आमची, कथा आमच्या, पण त्या कथा सांगण्यासाठी आम्ही आमच्या मुली पाठवल्या नाहीत. वरून, ज्या आल्या त्यांना नावे ठेवली. आपल्या शेजारच्या येवल्याची, १९१६ साली जन्मलेली अंबू सगुण लहानपणीच मूकपटांत आली आणि पुढे ललिता पवार म्हणून साऱ्या देशाला परिचित झाली. अशी उदाहरणे मोजकीच होती.

कमलाबाईंनी उघडलेले दार म्हणूनच एका क्षणात घडलेली क्रांती नव्हे. ते दार पुन्हा पुन्हा लोटले गेले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ते किंमत देऊन पुन्हा उघडले.

वैधव्य आणि कर्तव्य

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य पडद्यावरील कथेपेक्षा अधिक कसोटीचे होते. पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव हेही नाट्यव्यवसायातलेच. किर्लोस्कर मंडळीत त्यांनी तरुणपणी स्त्रीभूमिका केल्या होत्या. हा संसारही नाटकाच्या बिऱ्हाडातच झाला. परंतु कमलाबाई अवघ्या पंचविशीत असताना रघुनाथराव गेले. पदरी दोन मुले होती आणि तिसरे पोटात होते.

त्या काळच्या विधवेची स्थिती या सभेतील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अनेक घरांनी ती पाहिलेली आहे. कपाळ पुसलेल्या स्त्रीने मंगलप्रसंगी समोर येऊ नये, असा दंडक. अशा वेळी शृंगार करून, शालू नेसून, भरल्या थिएटरात उभे राहायचे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. पण तीन मुलांचे पोट दंडकावर भरत नाही. आईने जे केले तेच मुलीने केले. कमलाबाई पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मनोहर स्त्री संगीत मंडळी या स्त्रियांच्या नाटक कंपनीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. पती स्त्रीभूमिका करीत आणि पत्नीने पुरुषभूमिका केल्या, अशी ही कलावंतांची जोडी. घरातही त्यांना हेच करावे लागले. आई त्या होत्याच, आता वडीलही त्यांनाच व्हावे लागले.

या काळातील एक प्रसंग आपल्या सर्वांच्या आस्थेचा आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी १९२७ मध्ये 'संगीत उःशाप' हे नाटक लिहिले. अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणे आणि हिंदू समाज एकसंध करणे, हा त्या नाटकाचा हेतू होता. पतितपावन मंदिरापर्यंत पोचलेल्या सावरकरांच्या सामाजिक कार्याचाच तो एक भाग. या नाटकात कमलाबाईंनी भूमिका केली. बहिष्काराचे चटके जिने लहानपणापासून सोसले, ती स्त्री बहिष्काराविरुद्धच्या नाटकात उभी राहिली. तिच्या तोंडून ते शब्द ऐकणाऱ्यांपुढे केवळ नाटककाराचे लेखन नव्हते, एका स्त्रीचे आयुष्यही होते. सावरकरांनी समाजाला दाखवलेला आरसा अस्पृश्यतेपुरता मर्यादित नव्हता. आपल्याच समाजातील माणसाला दूर लोटण्याच्या प्रत्येक वृत्तीवर त्यांचा रोख होता.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. मूकपटांतील अनेक तारकांची कारकीर्द तेथे संपली. कारण त्यांना हिंदी, उर्दू किंवा मराठी शुद्ध बोलता येत नव्हते, गाता येत नव्हते. कमलाबाईंना ही अडचण नव्हती. नाटकाने त्यांना वाणी दिली होती, सूर दिला होता. बोलपटांच्या काळातही त्यांनी काम केले. त्यांच्या चित्रपटांची संख्या सुमारे पस्तीस सांगितली जाते. त्यांचा अखेरचा चित्रपट 'गहराई' १९८० सालचा. १९१३ ते १९८०, म्हणजे सदुसष्ट वर्षांचे अंतर. हाताने फिरवायच्या यंत्रापासून रंगीत चित्रपटापर्यंत सारा प्रवास एका स्त्रीने पाहिला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रीना मोहन यांनी 'कमलाबाई' हा माहितीपट केला. नव्वदीच्या घरातील कमलाबाई त्यात स्वतः बोलतात. मोहिनीचे नृत्य हरवले. पण मोहिनीचा वृद्धापकाळ आणि तिचा आवाज त्या माहितीपटाने जपून ठेवला.

घराण्याचा वारसा

एखाद्या स्त्रीने जे सोसले ते व्यर्थ गेले की नाही, हे तिच्या पुढच्या पिढ्यांत दिसते. कमलाबाईंचे तीन पुत्र म्हणजे लालजी, चंद्रकांत आणि सूर्यकांत. लालजी आणि सूर्यकांत यांनी तबलावादनात नाव मिळवले. १९२१ साली जन्मलेले चंद्रकांत गोखले यांनी मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांची प्रदीर्घ सेवा केली. २००८ मध्ये ते गेले, तेव्हा एक सोज्ज्वळ कलावंत हरपल्याची भावना मराठी घराघरांत होती. त्यांचे पुत्र विक्रम गोखले यांना 'अनुमती' या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई, कमलाबाई, चंद्रकांत आणि विक्रम अशा एकाच घरातील चार पिढ्यांनी भारतीय पडद्याची सेवा केली.

या घराची आणखी एक ओळख आहे. अपंग झालेले सैनिक, कुष्ठरुग्णांची मुले आणि अनाथ मुलांचे शिक्षण यांसाठी गोखले कुटुंबाने आपल्या कमाईतून साहाय्य केले. ज्या घराला एकेकाळी समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या घराने समाजाला आणि सीमेवरच्या जवानाला आपले मानले. संस्कार कोठून येतात, असा प्रश्न आपण बैठकांतून, शिबिरांतून नेहमी चर्चेला घेतो. या घरात ते नाटकाच्या बिऱ्हाडातून आले. मुलीला घेऊन बाहेर पडलेल्या एका आईकडून आणि तीन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या एका विधवेकडून ते आले. घरंदाजपणा आडनावावर ठरत नाही, तो आचरणावर ठरतो, हे या दोघींनी सिद्ध केले.

दुसरी तारामती

१९१३ मध्ये तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने तीच हरिश्चंद्राची कथा 'अयोध्येचा राजा' या नावाने बोलपटात आणली, तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित लाड घराण्यातील मुलगी आणि मुंबईच्या खोटे घराण्यातील सून. त्याआधी 'फरेबी जाल' या चित्रपटातील लहानशा कामामुळे त्यांनाही टीका सोसावी लागली होती. पण 'अयोध्येचा राजा'ने वारे फिरले. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे रंगभूमीवर आल्या. सुशिक्षित घरांतील स्त्रियांसाठी वाट रुंद होत गेली. दुर्गाबाई खोटे यांना १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता.

तरीही तारामतीच्या या दोन मूर्तींच्या मध्ये, १९१३ आणि १९३२ यांच्यामध्ये, तेरा वर्षांची एक मोहिनी उभी आहे. तिच्याजवळ ना शिक्षण होते, ना प्रतिष्ठित घराण्याचे कवच. रस्ता तयार झाल्यावर त्यावरून चालणाऱ्यांचा सत्कार होतो. पहिले काटे ज्यांच्या पायात मोडले, त्यांची नावे मागे पडतात.

भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले असे मानतात. त्यांतील पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात टिकलेले मूकपट मोजकेच आहेत. त्या काळची फीत ज्वालाग्राही रसायनाची होती. काही फिती जळाल्या, काही दमट हवेत कुजल्या, काही त्यांतील चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्या अथक शोधामुळे फाळक्यांच्या काही कृती वाचल्या. 'कालियामर्दन'मधील चिमुकली मंदाकिनी आजही पाहता येते. 'मोहिनी भस्मासुर'च्या नशिबी ते नव्हते. चांदीच्या मोहापायी आपण आपलाच वारसा वितळवला, यासाठी कोणा परकीय आक्रमकाला दोष देता येणार नाही.

म्हणून या सभेत एक विनंती करावीशी वाटते. श्रीगोंदा तालुक्यातही अशा स्त्रिया होऊन गेल्या असतील. कोणी पहिल्यांदा शाळेत शिकवायला गेली असेल, कोणी कीर्तनाला उभी राहिली असेल, कोणी तमाशाच्या फडात गाऊन आपले भाऊ शिकवले असतील, कोणी नवरा गेल्यावर शेत कसून मुले मोठी केली असतील. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. आपल्या घरातील आजी, आत्या, मावशी यांच्याजवळ बसा. त्यांच्या आठवणी लिहून घ्या. ट्रंकेच्या तळाशी असलेला जुना फोटो काढून त्याच्या मागे नाव आणि साल घाला. कुटुंबातील मुलांना त्या गोष्टी सांगा. इतिहास संशोधन मंडळांनी सगळे करावे, अशी वाट पाहत बसलो, तर फितीसारखेच हेही नष्ट होईल.

दुसरी विनंती अधिक कठीण आहे. आज आपल्या मुली संगीत, नाट्य, चित्रपट या क्षेत्रांत मोठ्या संख्येने जात आहेत. त्या क्षेत्रात जे विकृत आहे, त्यावर टीका अवश्य करावी. पण त्या मुलींवर आपल्याच अंगणातून दगड मारू नयेत. चांगल्या घरांनी पाठ फिरवली की क्षेत्र बिघडते आणि मग बिघडले म्हणून आपण आणखी पाठ फिरवतो. शंभर वर्षांपूर्वी हीच चूक झाली होती. घरातून निघणाऱ्या मुलीच्या पाठीशी आई उभी असेल, वडील उभे असतील, तर ती कोणत्याही मंचावर आपले संस्कार घेऊनच उभी राहील. कमलाबाईंच्या पाठीशी १९१३ मध्ये फक्त आई उभी होती. तेवढ्या बळावर ती मुलगी भर उन्हात त्या यंत्रापुढे नाचली.

त्या माता-कन्येला वंदन करून हे विवेचन येथेच थांबवणे उचित होईल.